अब्बांचा कान आणि जुहूचा समुद्र

माझे अब्बा टरबूज कापून दाखवत नाहीत. ही गोष्ट मी आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती सांगायला फार आवडते. वऱ्हाडातल्या कारंज्यात वेशीजवळ त्यांचा फळांचा ठेला. आजूबाजूचे सगळे फळवाले सुरीनं टरबुजाला तिकोनी भोक पाडतात, लाल तुकडा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात आणि मग वजन करतात. अब्बांनी हे कधी केलं नाही. ते ढिगातलं एक फळ उचलायचे, डाव्या हातावर तोलायचे, मान वाकवून उजवा कान जवळ न्यायचे आणि बोटांनी थाप मारायचे. एक, फार तर दोन. मग म्हणायचे, "घेऊन जा. पांढरं निंगालं तर वापस आन."

असं का, म्हणून विचारलं की चिडायचे. "मालाले भोक पाडून दाखवाचं, म्हंजे आपल्याच कानावर आपला भरोसा नाई. मंग धंदा कायले कराचा?" चाळीस वर्षं त्यांनी असाच धंदा केला. शाळेतले मास्तर, बँकेतले साहेब, जैन मंदिरांना आलेले परगावचे यात्रेकरू, सगळे त्यांच्याकडून न कापलेलं फळ निमूट घेऊन जायचे. परत यायची ती वर्षाला चार-दोन, आणि तेवढी अब्बा हसत बदलून द्यायचे. मी हे मुंबईत कोणालाही ऐकवते. रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथल्या मुली हे ऐकून ऐकून कंटाळल्या आहेत. कंटाळोत.

मी सात वर्षांची असेन, तेव्हा त्यांनी मला थाप शिकवली. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी ठेल्याखाली रिकाम्या खोक्यावर बसलेली. त्यांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली. "आयकलं? हे कच्चं." मग मला जवळ ओढून माझा कान स्वतःच्या छातीला लावला आणि वरून थाप मारली. आत खोल काहीतरी घुमलं. "हे पिकलं." मग पोटावर थाप. भद्द. "हे उतरलं. जनावराले टाकाचं." कपाळ, छाती, पोट. त्यानंतर सुट्टीभर ते मधूनच एखादं फळ माझ्यासमोर धरून वाजवायचे आणि म्हणायचे, "सांग." मी एक शब्द सांगायची. चुकलं तर ते नुसतं फळ खाली ठेवायचे. जमलं तर म्हणायचे, "बराबर." त्यांच्याकडे याहून मोठा शब्द नव्हता. मी मुंबईला नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा त्यांनी तेवढाच वापरला.

आमच्या घरातली बोली तशी अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. अब्बा निवांत असले की उर्दूत बोलतात. रागात असले किंवा धंद्याचं काही असलं की वऱ्हाडीत. मी त्यांना समुद्र दाखवायला जुहूला नेलं, त्या दिवशी ते माझ्याशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वऱ्हाडीतच बोलत होते, यावरून काय ते समजा.

त्यांचे कान एकदम गेले नाहीत. आधी फोनवरचं गेलं. मी फोन केला की ते "घे, तुया अम्मीसंग बोल" म्हणून फोन देऊन टाकायचे. मला वाटलं, पोरगी लग्नाआधी एकटी मुंबईला गेली याचा राग मनात धरून बसलेत. मग मीही राग धरला. वर्षभर मी हा राग फुकट पोसला, याची मला अजून लाज वाटते.

मग मागच्या उन्हाळ्यात टरबुजं परत यायला लागली. एकदा तर एका आठवड्यात तीन. अब्बांनी बियाण्याला शिव्या घातल्या, शेलूबाजारकडून माल आणणाऱ्या जीपवाल्याला शिव्या घातल्या, हायवेवरच्या ट्रकच्या आवाजालाही घातल्या. कानाचं नाव काढलं नाही. शेवटी एक म्हातारे मास्तर, आमचं कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक, अर्धं पांढरं टरबूज पिशवीत घालून आले. अब्बा बदली फळ उचलायला लागले, तर मास्तर हळूच त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या भाऊ. एखादं भोक पाडूनच द्या." वाईट बोलले नाहीत ते. पण दुसऱ्या दिवशी अब्बांनी ढीग बाजूच्या ठेलेवाल्याला देऊन टाकला आणि स्वतःच्या ठेल्यावर केळी लावली. "केळीले कान लागत नाई," एवढंच ते अम्मीला म्हणाले.

या वर्षी टरबुजं आली तरी त्यांच्या ठेल्यावर केळीच. अम्मी फोनवर म्हणाली, "बसून राहतात नुसते. बाजूवाल्याच्या ढिगाकडं पाठ करून बसतात." ते ऐकलं आणि मी घाबरले. माझा बाप भांडखोर आहे, बढाईखोर आहे, तो पाठ करून बसणारा माणूस नाही. ईद झाल्यावर मी त्यांना मुंबईला बोलावलं. कानाचं बोलले असते तर ते आले नसते. मी म्हटलं, समुद्र दाखवते.

समुद्र दाखवायच्या आदल्या दिवशी मी त्यांना फसवून अंधेरीला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि उजव्या कानासाठी एक मशीन दिली. डावा कान तर जवळजवळ संपलाच होता. बाई म्हणाल्या, "आज घेऊन जा, उद्या दिवसभर घालून बघा. नाही जमली तर उद्या संध्याकाळी सातच्या आत आणून द्या, आम्ही परत घेऊ." अब्बांनी यातलं नेमकं एकच वाक्य ऐकलं. बाहेर पडल्या पडल्या ते म्हणाले, "उद्या सातच्या आत वापस देऊन टाकू." आणि मशीन काढून डबीत घातली.

म्हणून त्या दिवशी जुहूला जाताना माझ्या डोक्यात समुद्र नव्हताच, संध्याकाळचे सात होते. साडेआठला त्यांची कारंज्याची ट्रॅव्हल्स होती. मशीन गेली तर अब्बा पुन्हा केळ्यांमागे जाऊन बसणार, आणि पुढच्या वर्षी कदाचित तेही नाही. मला एका दिवसात त्यांना पटवायचं होतं. आणि माझ्या बापाला आजवर कोणी काही पटवलेलं नाही.

रिक्षातून उतरलो तेव्हा दहा वाजले असतील. अब्बांनी पांढरा पायजमा-कुर्ता घातला होता, डोक्यावर टोपी, खांद्यावर चौकडीचा रुमाल. एका चिंचोळ्या गल्लीतून चौपाटीवर जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले आणि म्हटलं, "अब्बा, मशीन घाला." जोरात म्हणावं लागलं. दोन कॉलेजच्या मुली वळून बघायला लागल्या. अब्बांनी तोंड वाकडं करून डबी उघडली आणि मशीन कानात बसवली. आम्ही चालत वाळूवर आलो.

अब्बा जागीच थांबले. समोर एवढा मोठा समुद्र, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. कानावर हात ठेवून म्हणाले, "खराब हाय."

"काय खराब आहे?"

"मशीन. घों घों करून राह्यली. थांबतच नाई."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी तिथल्या तिथे हसत सुटले. हसायला नको होतं. "अब्बा, तो समुद्राचा आवाज आहे!"

"मले शिकवतं काय? मले दिसते ना समुद्र. थे पाय, लाट आली, फुटली, गेली. आवाज आला पायजे अन् गेला पायजे. हा तर चालूच हाय, पंख्यावानी. तुया बाईनं खराब माल देल्ला तुले."

"अब्बा, एक लाट नसते. इकडून तिकडपर्यंत लाटा असतात. एक फुटेपर्यंत दुसरी…"

"मी चाळीस साल माल पायला. खराब माल मले समजते."

ऐकू येत नसलं की माणूस ओरडून बोलतो आणि ऐकवायचं असलं तरी ओरडून बोलावं लागतं. तेव्हा जुहूच्या वाळूवर बाप-लेक एकमेकांवर ओरडत होते आणि चटया भाड्यानं देणारी बाई आमच्याकडे बघत, भांडण कधी संपतं म्हणून वाट पाहत उभी होती. अब्बांनी मशीन काढली, डबीत घातली, डबी कुर्त्याच्या खिशात. मग एकदम निवांत होऊन त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "हाय मोठा," म्हणाले. मला इतका राग आला की मी त्या बाईकडून चटई घेतली आणि पाठ फिरवून बसले.

पाठ फिरवून बसणं हा आमच्या घराण्यातच गुण असावा.

पण माणूस किती वेळ रागावणार? अब्बांनी चपला माझ्याजवळ ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्याकडे गेले. लाट पायाशी आली तशी त्यांनी दचकून टोपी धरली. बाजूला एक आजोबा पँट भिजवून उभे होते, त्यांच्याकडे बघून अब्बा हसले. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि लांबूनच मला ओरडून सांगितलं, "खारं हाय हो!" सगळ्या चौपाटीला ते समजलं. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की लहान मुलं त्याला हात करायला लागली. अब्बांनी मान वर केली नाही. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. विमानाची सावली वाळूवरून गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि तोवर ते दूर गेलं होतं. माझा राग तिथंच संपला. उरली ती भीती.

दुपारी चटईवर डबा उघडला. पोळ्या, मेथीची भाजी, कांदा, आणि अम्मीनं पाठवलेला ठेचा. शेजारच्या चटईवर एक कुटुंब नुसते वेफर्स खात बसलं होतं. अब्बांनी न विचारता त्यांच्या हातावर पोळी-भाजी ठेवली. त्यातली आजी त्यांना काहीतरी विचारत होती, बहुतेक कुठून आलात असं. अब्बा मोठ्यानं "हौ, हौ" म्हणत राहिले. मी तिला कारंजा म्हणून सांगितलं. अब्बांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय विचारलं ते त्यांना समजलं असावं, कारण मग त्यांनी जेवण होईपर्यंत डब्यातून मान वर केली नाही. जेवून झाल्यावर रुमाल तोंडावर घेऊन झोपले. मी घड्याळाकडे बघत बसले. अडीच वाजले होते.

उठल्यावर त्यांना चहा हवा होता. म्हणून आम्ही पुन्हा त्या गल्लीकडे आलो आणि तिथे, गल्लीच्या अगदी तोंडाशी, झाडाच्या सावलीत टरबुजांची गाडी उभी होती. सकाळी ती नव्हती. मुंबईत लोक कलिंगड म्हणतात. गाडीवाला अब्बांच्याच वयाचा असेल, हिंदी बोलणारा, तो ताटल्यांमध्ये फोडी करून विकत होता आणि अख्खी फळंही देत होता, तिकोनी भोक पाडून.

अब्बा चालता चालता हळू झाले. मग थांबले. कारंज्यात जे ते टाळत होते, ते इथं त्यांना जमलं नाही. ओळखीचं कोणी नव्हतं ना. त्यांनी ढिगावरून नजर फिरवली, एक-दोन फळं उलटी करून बुडाचा पिवळा डाग पाहिला, देठ पाहिला. मग एक उचललं. डाव्या हातावर घेतलं, मान वाकवली, थाप मारली. ठेवलं. दुसरं. तिसरं. चौथ्याला दोन थापा मारल्या आणि ते गाडीवाल्यापुढे ठेवलं. गाडीवाल्यानं सुरी उचलली तशी अब्बा म्हणाले, "छेद नाही. सीधा काटो."

गाडीवाल्यानं भुवया उंचावल्या आणि सरळ दोन तुकडे केले.

आत पांढरं होतं. मधोमध जरासा गुलाबी रंग, बाकी पांढरं, बियासुद्धा पांढऱ्या.

गाडीवाला भला माणूस. त्यानं ते तुकडे बाजूला सरकवले आणि दुसरं फळ उचललं. "होता है चाचा, ये ले जाओ." त्यानं जे केलं ते अब्बा स्वतः चाळीस वर्षं करत आले होते. पण अब्बांनी हातानं नाही म्हटलं. त्याला पांढऱ्या फळाचे पुरे पैसे दिले, अर्धं टरबूज हातात घेतलं, त्याच्याच सुरीनं फोड काढली आणि तिथंच उभं राहून खायला लागले. कच्चं, बेचव, काकडीसारखं करकर वाजणारं.

मी म्हटलं, "अब्बा, टाका ते." त्यांना ऐकू आलं नाही. मी हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला. "म्या निवडलं. म्याच खाईन." आणि पुढची फोड काढली. मला तिथं रडू आलं, सांगायला काय लाजायचं. पण त्या वेळीच मला एक गोष्ट लख्ख कळली, की माझा बाप किती सच्चा आहे. तो बढाया मारतो, पण चूक झाली की ती अशी उभ्यानं खाऊन टाकतो.

अर्धं संपवल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. थोडा वेळ गाडीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. खिशातून डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "बशीव बरं."

मी मशीन त्यांच्या कानात बसवली. पुन्हा कपाळाला आठ्या पडल्या. पण या वेळी त्यांनी ती काढली नाही. ते वळले आणि गल्लीतून आत, रस्त्याच्या बाजूला चालायला लागले. मी मागोमाग. दोन्हीकडे बिल्डिंगच्या उंच भिंती. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर थांबले. मग वळून परत समुद्राकडे आले, वाळूपर्यंत. थांबले. पुन्हा गल्लीत. पुन्हा वाळूवर. तीनदा असे गेले आणि आले. कोणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं काही हरवलं आहे. मला मात्र दुसऱ्या फेरीला कळलं की ते काय करत आहेत. ठेल्यावर तराजू हाती घेतला की अब्बा आधी रिकामी पारडी तोलून बघतात. एकदा, दोनदा, काटा मधोमध येईपर्यंत. मग माल घालतात. ते मशीन तोलत होते.

तिसऱ्या फेरीनंतर गल्लीच्या मध्यावर उभं राहून त्यांनी मला निकाल सांगितला. "अठी गल्लीत कमी होते. तठी वाळूवर वाढते. अंदर गेलं का अजून कमी." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "मशीन बराबर हाय. थोच बोंबलून राह्यला." आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापानं माझं म्हणणं मान्य केलं, आणि त्यातही दोष समुद्राचाच निघाला.

मग ते गाडीवाल्याकडे गेले आणि त्याला म्हणाले की मला चार-पाच फळं गल्लीत नेऊन बघू दे, इथे आवाज फार आहे. गाडीवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पण ज्या माणसानं पांढरं टरबूज पैसे देऊन खाल्लं त्याला तो नाही म्हणाला नाही. फळं उचलायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक टरबूज पोटाशी धरून गल्लीत न्यायची आणि भिंतीशी ठेवायची. पाच झाली. माझ्या कुर्त्याला माती लागली, घाम येत होता, लॅबमधल्या मुलींनी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

अब्बांनी पहिलं फळ उचललं. मान वाकवली. थाप मारली आणि दचकले, हात मागे घेतला, आवाज फार जवळून आला असावा. पुन्हा थाप, या वेळी हलकी. "कपाळ," म्हणाले आणि बाजूला ठेवलं.

दुसरं. बराच वेळ. "पोट." बाजूला.

तिसरं पुन्हा कपाळ.

चौथ्याला त्यांनी एक थाप मारली आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं काही बिघडलं. त्यांनी पुन्हा थाप मारली, पुन्हा तसेच उभे. गल्लीतून एक बाई कुत्रं घेऊन गेली, एक मोटरसायकल आत आली नि बाहेर गेली. अब्बांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी ते फळ मला दिलं नाही. स्वतः उचलून गाडीपर्यंत नेलं.

गाडीवाल्यानं सवयीनं सुरीचं टोक टेकवलं. "छेद नाही," अब्बा म्हणाले. त्यानं सरळ काप मारला, दोन भाग झाले.

लाल. कडेपर्यंत लाल, काळ्या बिया, मधोमध जराशी रवाळ साखर. एवढं लाल टरबूज मी मुंबईत पाहिलं नव्हतं, असं मी आता सांगते. खोटंही असेल, पण मी असंच सांगणार. गाडीवाल्यानं हसून अब्बांच्या खांद्यावर हात मारला आणि शेजारी येऊन थांबलेल्या एका बाईला म्हणाला, "चाचा से चुनवाओ." अब्बांनी तिच्यासाठी एक निवडलं, आणखी एका जोडप्यासाठी एक. जोडप्याचं फिकट निघालं. अब्बांच्या चेहऱ्यावर एक क्षण सावली आली. मग त्यांनी त्यांना आपल्या लाल टरबुजाचा अर्धा भाग देऊन टाकला आणि म्हणाले, "मशीन नवी हाय. शिकन अजून."

शिकेल कोण, मशीन की ते, हे मी विचारलं नाही.

आम्ही उरलेला अर्धा भाग घेऊन परत वाळूवर बसलो. सकाळच्या चटईवाल्या बाईनं ओळखून चटई दिली आणि टरबुजाची एक फोडही घेतली. ऊन उतरलं होतं, गर्दी वाढली होती. भेळवाले, फुगेवाले, शिट्ट्या वाजवणारे पोलीस, पाण्यातून ओरडणारी पोरं. अब्बा मशीन घालून बसले होते आणि प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होते. पुन्हा एक विमान आलं. या वेळी ते दिसायच्या आधीच अब्बांनी वर पाहिलं. मी घड्याळ दाखवलं. सव्वासहा. "अब्बा, सात वाजतील. मशीन वापस करायची आहे ना?"

"काहून वापस कराची?" ते म्हणाले, जणू हे मीच सुचवलं होतं. मग डबी माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवली आणि वर खिशाचं बटन लावलं.

ट्रॅव्हल्समध्ये बसवताना मी त्यांना चार वेळा सांगितलं की झोपताना मशीन काढा, पाणी लागू देऊ नका. ते म्हणाले, "आयकू आलं. एकदाच सांग."

नंतरचे आठ-दहा दिवस मी अम्मीला रोज विचारायची. केळीच आहेत, अम्मी म्हणायची. मशीन घालतात, अंगणात बसून कोणाकोणाशी भांडतात, पण ठेल्यावर केळीच. मग एका दुपारी मी लॅबमध्ये होते, समोर नळ्यांची रांग लागलेली, आणि फोन वाजला. अब्बांचा नंबर. त्यांनी स्वतः फोन करून दोन वर्षं झाली होती. मी हातमोजे ओढून काढत बाहेर पळाले.

"अब्बा? काय झालं?"

"काई नाई झालं," ते म्हणाले. मागे कारंज्याचा बाजार ऐकू येत होता, हॉर्न, कुणीतरी भाव सांगत होतं. "आयक."

फोनमध्ये खरखर झाली, काहीतरी घासलं गेलं. मग थाप. एक. थांबून आणखी एक.

"सांग," अब्बा म्हणाले.

मी जिन्यात भिंतीला टेकून उभी होते. मी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून पाहिली, मग छातीवर थाप, आणि माझा बाप पलीकडे, भर बाजारात, फोन कानाला लावून तेवढा वेळ थांबला.

"छाती," मी म्हटलं.

"बराबर," अब्बा म्हणाले, आणि मग फोन न ठेवताच, कोणा गिऱ्हाइकाला, "घेऊन जा. पांढरं निंगालं तर वापस आन."